मामा तलावात पुन्हा देवधान यावं म्हणून

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून जवळपास सात हजार माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात बरेचसे कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पाळ (तलावाचा बांध), तुडुम (पाणी सोडायचं दार), सांडवा यांची वर्षागणिक होणारी देखभाल हळूहळू थांबली. आज ऑगस्टमध्ये असे कितीतरी तलाव काठोकाठ भरलेले दिसतात, पण पाण्यात गवत नसतं, देवधान म्हणजे आपोआप उगवणारं रानटी धान नसतं, मरळ नसते, बदकं उतरत नाहीत.

अशा तलावासाठी गाव पहिली मागणी करतं ती पोकलेनची. आमचं सांगणं असं की मशीन आधी नको, आणि नंतरही थोडंसंच. आधी तलावात येणारी घाण थांबवायची, मग बेशरमची झुडपं काढायची, मग गरजेपुरता गाळ, मग पाणवनस्पती आणि त्यानंतर मासे. हा क्रम उलटला की केलेलं काम दोन वर्षांत पुसलं जातं.

आधी परवानगी, मग पाहणी

बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात, पाणी धानवाल्यांचं असतं आणि मासेमारीचा ठेका ढीवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिघांना एकत्र बसवून ग्रामसभेचा ठराव घ्या. तुडुम कधी उघडायचा आणि तळात किती पाणी राखायचं, हे आकड्यात लिहून घ्या. सिंचनासाठी बांधलेले तलाव २०१७ च्या पाणथळ नियमांतून वगळले आहेत. त्यामुळे कायद्याची ढाल मिळेल असं धरून चालू नका, गावाचा ठराव हीच ढाल.

पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. २० सेंटिमीटर व्यासाचा गोल पत्रा घ्या, त्याचे चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्या, खाली दगड बांधा आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान डोंगीच्या (लहान होडीच्या) सावलीच्या बाजूने तो सोडा. दिसेनासा होतो ती खोली लिहा. साधारण त्याच्या दुप्पट खोलीपर्यंत पाण्याखालच्या वनस्पतीला पुरेसा उजेड मिळतो. आकडा ३० सेंटिमीटरच्या आत असेल, तर त्या वर्षी खोल पाण्यात लावलेली रोपं सडणार हे नक्की.

पाणी गढूळ का आहे, तेही तपासा. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तळाशी तपकिरी थर बसला तर माती आहे: म्हशी, वारा किंवा चिखल उकरणारा सायप्रिनस मासा. पाणी हिरवंच राहिलं तर शेवाळ आहे, म्हणजे खत आणि सांडपाणी. दोन्हींचे उपाय वेगळे.

येणारी घाण

गावाची नाली थेट तलावात उतरत असेल तर तिच्या तोंडाशी आधी गाळ बसायचा खड्डा आणि त्यापुढे खडीचा वाफा करा. अंघोळीच्या आणि धुण्या-भांड्यांच्या पाण्यासाठी माणशी निदान एक चौरस मीटर धरा. १०० घरांच्या वस्तीला सुमारे ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे. खोली ६० सेंटिमीटर, खडी १० ते २० मिलिमीटरची, उतार शंभराला एक, वर कर्दळ. संडासाचं पाणी मिसळत असेल तर हे माप पुरत नाही, ते आधी वेगळं करा. खडी तीन-चार वर्षांत तुंबते आणि पाणी वरून वाहू लागतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: वाफ्याआधीचा गाळखड्डा कुणी उपसलेलाच नसतो. पाणकणीस या वाफ्यात चालेल, तलावात मात्र कधीही लावू नका, ती उथळ काठ गिळून टाकते.

वरच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या शेतांतून, युरिया आणि डीएपी येतं. काठापासून पाच-सात मीटरची पट्टी नांगरायची नाही, तिथे खस लावायची. नाली बंद केल्यावरही पाणी एक-दोन वर्षं हिरवं राहू शकतं, कारण गाळात साठलेलं स्फुरद हळूहळू सुटत राहतं. तेवढ्यात निराश होऊन औषधं टाकू नका.

बेशरम

जांभळट गुलाबी फुलांची, पोकळ दांड्याची ही झुडपं कुंपणासाठी गावोगाव लावली गेली आणि तलावांत शिरली. तिचा एक गुण लक्षात ठेवला की बाकी सगळं समजतं: वीतभर तुकडा ओल्या मातीवर पडला तरी त्याला मुळं फुटतात. म्हणून कोयत्याने कापणं म्हणजे लावणी करणंच.

काम एप्रिल-मे महिन्यात, तळ उघडा पडल्यावर करा. बुडाभोवती कुदळीने फूटभर खोदा, सब्बल खाली घालून गड्डा मुळासकट उचला. पाण्यातून ओढत नेऊ नका, तुकडे गळतात. पूर्ण भरावाच्या, म्हणजे तलाव काठोकाठ भरल्यावरच्या पाण्याच्या, रेषेबाहेर, खडकाळ जागी, मुळं वर करून तीन आठवडे कडक उन्हात वाळवा. दांडा मोडताना कट्ट आवाज आला आणि आत चीक नसला, तरच ती मेली. चिकाने डोळे चुरचुरतात, हातमोजे घाला. शेळ्या वाळत घातलेल्या पाल्याला लागल्या तर पुन्हा पुन्हा खातात आणि त्यांचा तोल जातो, म्हणून ढिगाला काटेरी कुंपण करा. पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, ऑक्टोबरात तिसरी. पुढची दोन वर्षं हेच. मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर ती परत येते, म्हणून लावणीची तयारी त्याच उन्हाळ्यात हवी.

जलपर्णी असेल तर फूल येण्याआधी काढा, कारण बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. बांबूंची तरंगती साखळी लावून वाऱ्याच्या बाजूने ती एका कोपऱ्यात लोटत आणा आणि भरावाच्या रेषेपासून निदान दहा मीटर दूर ढीग करा. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आठ-दहा दिवस वाळू दिलं तर वाहतूक हलकी होते. तणनाशक मारू नका. सगळी एकदम कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे पोट वर करून तरंगतात. दाट पसरलेली असेल तर हातानेही तिसरा हिस्सा करत काढा. झाकण अचानक उघडलं तर उन्हाने शेवाळ उसळतं.

गाळ: किती, कुठला, कुठे थांबायचं

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि तिच्यामुळे गाळ काढणं सोपं झालं आहे. पण तलावाचा तळ म्हणजे रिकामं करायचं भांडं नव्हे. त्यात बी आहे, कंद आहेत, शिंपले आहेत, आणि खाली पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर आहे.

आधी ५०-५० मीटरवर फूट-दीड फूट रुंदीचे खड्डे हाताने खोदा. वर काळा, मऊ, कुजका वास येणारा गाळ लागेल. त्याखाली पिवळट किंवा राखाडी, बोटात चिकटणारी घट्ट माती. या मातीच्या वर अर्धा फूट गाळ राहू द्या आणि थांबा. मुरूम दिसला म्हणजे तळ फुटला, डिसेंबरपर्यंत पाणी जिरून जाईल. तसं झालंच तर तिथे फूटभर चिकणमाती दोन थरांत टाकून, प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोकून घ्यावी लागते.

पाळीच्या पायथ्यापासून दहा मीटर किंवा पाळीच्या उंचीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल तेवढं अंतर खोदू नका, नाहीतर पाळ घसरते. खड्ड्याच्या कडा पाचास एक उताराच्या हव्यात. पोकलेनवाले उभ्या कडा ठेवतात, कारण त्यांचा हिशेब घनमीटरवर असतो. अशा उभ्या कडेवर वनस्पती रुजत नाही आणि जनावरं बुडतात. तीन फुटांहून उथळ पाण्याचा काठ अजिबात उकरू नका. तलावातली बहुतेक जिवंत घडामोड तिथेच होते. एका वर्षी तळाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही.

हिशेबासाठी: एक हेक्टरवरून ३० सेंटिमीटर गाळ काढला तर ३,००० घनमीटर होतो. ट्रॉलीत तीन घनमीटर बसतो असं धरलं तर एक हजार खेपा. शेतात दोन इंच थर द्यायचा तर एकराला सुमारे ७० ट्रॉल्या लागतात, म्हणजे चौदा-पंधरा एकर शेतं तयार असायला हवीत. ती नसतील तर गाळ पाळीवर पडतो आणि पहिल्या पावसात परत आत येतो.

लावणी

भंडारा-गोंदियात ढीवर महिलांच्या गटांनी याच पद्धतीने तलाव हिरवे केले आहेत, आणि या कामात त्यांच्या नजरेइतकं अचूक साधन दुसरं नाही.

मे महिन्यात, गुरांच्या खुरांनी दगडासारखा झालेला उथळ तळ चार-सहा इंच हलका नांगरून घ्या. पलटी नांगर नको, बी खोल गाडलं जातं. मग पावसाची वाट पाहा. जून-जुलैत फूट-दीड फूट पाणी चढून जरा निवळलं की लावणीची वेळ झाली.

रोपं शक्यतो त्याच नाल्यावरच्या निरोगी तलावातून आणा. तिथल्या ताटव्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त उपटू नका. मुळं धुऊन घ्या, नाहीतर जलपर्णीची पिल्लं सोबत येतात. ओल्या पोत्यात, सावलीत आणा आणि त्याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवशी हायड्रिला ही पाण्याखालची वनस्पती चिवडल्यासारखी काळी पडते.

हायड्रिलाच्या दीड वीत लांबीच्या आठ-दहा काड्या एकत्र धरा, खालच्या टोकाला मुठीएवढा चिकणमातीचा गोळा थापा आणि डोंगीतून सोडा किंवा पायाने चिखलात दाबा. वॅलिसनेरियाची पट्टीसारखी पानं जिथून फुटतात तो गाभा चिखलाच्या वर राहिलाच पाहिजे, तो गाडला की रोप आतून सडतं. सेरॅटोफायलमला मुळंच नसतात, त्याचे झुपके बांबूला सैल बांधून द्या. तीन ते सहा फूट पाण्यात ही मंडळी, एक ते तीन फुटांत कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या, आणि फूटभराच्या आत देवधान.

देवधानाचं बी पिकलं की लगेच झडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लोंब्या अर्ध्या पिकल्या असताना, पाण्यात उभं राहून लोंबी टोपलीवर वाकवायची आणि हलकेच झाडायची. सगळ्या लोंब्या झाडू नका. नांगराशिवाय उगवतं म्हणून हे उपवासाला चालतं, त्यामुळे गोळा करणारे बरेच असतात. प्रत्येक ताटव्यात निम्म्या लोंब्या सोडायचा नियम आधीच ठरवा. बी नांगरलेल्या काठावर पावसाआधी फोकून टाका. बांधीत मात्र जाऊ देऊ नका, लागवडीच्या धानाशी त्याचा संकर होतो आणि ते तण बनून बसतं.

सगळीकडे विरळ लावण्यापेक्षा दहा बाय दहा मीटरचे पाच-सहा ताटवे करा, आत मीटर-मीटरवर झुपके. भोवती बांबू आणि जुनं जाळं, पूर्ण भरावाच्या पातळीहून दोन फूट उंच. आतून म्हशी आणि मासे दोघेही दूर राहायला हवेत.

सर्वात जास्त लावण्या फसतात त्या पाणी झपाट्याने चढल्याने. फूटभर पाण्यात लावलेलं रोप आठवड्यात पाच फूट गढूळ पाण्याखाली जातं आणि उजेडावाचून मरतं. म्हणून ताटवे एकाच पातळीवर करू नका, काठापासून आत पायऱ्यांसारखे करा. पाऊस कसाही पडो, दोन-तीन ताटवे योग्य खोलीत सापडतातच.

कमळ लावायचा आग्रह होतो. ते आपोआप येईल, आणि आल्यावर आवरावं लागेल. तरंगती पानं पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पसरली की खालची हायड्रिला जाते. देठ पाण्याखाली हातभर खोल कापले की पोकळीतून पाणी शिरतं आणि ते मागे हटतं.

मासे

रोहू, कतला, मृगळ यांच्याविरुद्ध काही म्हणणं नाही. गवत्या मासा (ग्रास कार्प) मात्र दिवसाला जवळजवळ आपल्या वजनाइतकी वनस्पती खातो, एका हंगामात सगळी लावणी फस्त. तो साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्यामुळे बोटुकली आणणं थांबवलं आणि असलेले पकडून काढले की प्रश्न मिटतो. सायप्रिनस आणि तिलापिया तलावातच वाढतात, त्यांना मे महिन्यात उरलेल्या डोहात जाळं ओढून काढावं लागतं. थाई मागूर पाळण्यावर बंदीच आहे. डोह ओढताना मरळ, शिंगी आणि देशी मागूर परत सोडा आणि डोह पूर्ण आटवू नका.

मत्स्यबीज घेताना पिशवीतून शंभर बोटुकल्या घमेल्यात काढून बघा. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवर लांबलचक पर असेल तर तो सायप्रिनस. अंग लांबट गोल, मिशा नाहीत आणि पाठीचा पर आखूड असेल तर तो गवत्या. शंभरांत दोन-चार निघाले तरी सगळी खेप परत करा. ताटवे धरले नसतील त्या वर्षी बीज सोडूच नका. धरल्यावर हेक्टरी दोन हजार पुरे.

पहिल्या मोठ्या पावसात देशी मासे सांडव्यातून उलटे चढतात. या चढणीच्या पंधरा-वीस दिवसांत सांडव्यावर जाळं किंवा बांबूची ताटी लावायची नाही, आणि सांडव्याच्या खाली सिमेंटची उभी उडी असेल तर दगड रचून फूट-फूट उंचीच्या पायऱ्या करायच्या.

नंतर महिन्यातून एकदा, वीस मिनिटं: काळा-पांढरा पत्रा दिसेनासा होतो ती खोली, पाण्याची पातळी, आणि मीटरभर बांबूची चौकट दहा ठिकाणी टाकून आत किती जातींच्या वनस्पती आहेत. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घेत असतील तर त्या दिवशी खत-शेण काहीही टाकू नका आणि शक्य असेल तर वरून ताजं पाणी सोडा. जाळ्याचं कुंपण दुसऱ्या एप्रिलपर्यंत काढू नका. ते काढताना बेशरमचा एखादा कोंब हमखास बांबूच्या बुडाशी सापडतो, तो तिथल्या तिथे मुळासकट उचला.