लंडनची डिक्री हातात आली म्हणून लगेच जप्ती मागू नका

परदेशी डिक्रीची, म्हणजे तिथल्या कोर्टाच्या अंतिम हुकुमाची, माझी पहिली दरखास्त (वसुलीचा अर्ज) मी दोन दिवसांत तयार केली होती. डिक्री लंडनच्या हायकोर्टाची, ऋणको इथला, मिळकतही इथलीच. सिनिअर म्हणाले, "४४ अ आहे, प्रमाणित प्रत लाव आणि जप्ती माग." ४४ अ म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचं ते कलम, ज्यानं भारत सरकारनं यादीत घातलेल्या (अधिसूचित) देशांच्या डिक्रीची वसुली थेट इथल्या कोर्टात मागता येते. मी लावली, मागितली. दरखास्त फेटाळली गेली.

कागद सगळे होते. रक्कम कितपत फिटली याचा तिथल्या कोर्टाचा दाखलासुद्धा होता. पण ४४ अ चं तिसरं पोटकलम मी नीट वाचलंच नव्हतं. परदेशी निकाल कधी मानायचा नाही हे सांगणाऱ्या कलम १३ चे सहाही अपवाद ते दरखास्तीत परत आणतं, आणि त्यातला दुसरा म्हणजे निकाल गुणदोषांवर, म्हणजे पुरावा पाहून दिलेला हवा.

इथं जरा थांबा, कारण मी इथंच आपटले. माझी डिक्री एकतर्फी होती, प्रतिवादी हजर न होता झालेली. एकतर्फी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुराव्याचं शपथपत्र आणि दोन पानांचा का होईना, निकाल येतो. इंग्लंडमध्ये तसं असेलच असं नाही. प्रतिवादीनं उत्तर दिलं नाही आणि मागणी ठरावीक रकमेची असली, तर वादी एक फॉर्म भरतो आणि कोर्ट शिक्का मारून देतं. बिलं कुणी उघडलेलीही नसतात. अशी डिक्री तिथं पक्की, इथं लटकी. सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात हेच सांगितलं.

घाबरू नका, प्रत्येक एकतर्फी डिक्री बाद होत नाही. पुरावा पाहून दिलेली असेल तर ती गुणदोषांवरचीच. म्हणून डिक्रीच्या आधी निकाल मागवा आणि त्यात एखाद्या दस्ताचा उल्लेख, एखादं कारण सापडतं का ते शोधा. नुसता एका पानाचा आदेश असेल तर पक्षकाराला फी सांगण्याआधी हे सांगा.

खरा इलाज मात्र तिकडेच आहे. वसुली भारतात करायची आहे हे तिथल्या वकिलाला दावा चालू असतानाच कळवा: फॉर्मवरची डिक्री नको, पुरावा दाखल करून सकारण निकाल घ्या. वेळ जास्त लागतो, तिकडचे वकील कुरकुरतात. कुरकुरू द्या. "आधी डिक्री तर घेऊ" म्हणणाऱ्या सिनिअरवर माझा आता विश्वास नाही, आणि जुन्या दरखास्तीत नावं बदलून देणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

बाकीचं थोडक्यात. अमेरिका अधिसूचित देश नाही, तिथल्या निकालावर इथं दावाच लावावा लागतो, निकालापासून तीन वर्षांत. संयुक्त अरब अमिरात जानेवारी २०२० पासून यादीत आहे. इथल्या डिक्रीच्या वसुलीला बारा वर्षं मिळतात, ती सवय सोडा: बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा या २०२० च्या निकालानुसार डिक्रीची मुदत मूळ देशाच्या कायद्यानं मोजतात. त्यात १९९५ ची लंडनची डिक्री २००९ मध्ये बंगळुरूला आली आणि मुदत संपल्यामुळे बुडाली. उलट खर्चाचा आदेश किरकोळ समजून सोडू नका. नुसत्या खर्चाच्या इंग्लिश आदेशाचीही ४४ अ खाली वसुली होते, हे २०१६ च्या अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सच्या निकालात आहे.

माझ्या त्या पक्षकाराला मूळ बिलांवर इथं नवा दावा लावता आला असता का, हेही आम्ही पाहिलं. त्याची मुदत मी दरखास्त दाखल करण्याआधीच संपली होती.