शेतकऱ्यांच्या नोंदींवरून कामाचं वेळापत्रक बांधताय? या चुका टाळा

नकाशावर सोळा टिपके, सगळे द्राक्षफवारणीचे आणि सगळे गावच्या पारावर. जुन्नरकडच्या नोंदी पुण्यात बसून लावताना झालेली ही आमची पहिली फजिती. दिवसभर काम उरकून माणूस संध्याकाळी पारावर टेकतो, रेंज मिळते, मग नोंद भरतो. फोन बिचारा जागा घेतो ती पाराची.

म्हणून एकदाच बांधाबांधाने चालून प्लॉटची हद्द घ्या आणि त्याला घरात चालतं ते नाव द्या: 'विहिरीकडचा', 'माळावरचा'. पुढे नोंदीत फक्त नाव निवडायचं. गट नंबरावर भागवू नका. एकाच गटात चार भावांच्या वाटण्या असतात, पाण्याची पाळीही वेगळी. शिवाय मोबाइलचं जीपीएस उघड्या रानातसुद्धा चार-पाच मीटर हलतं. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा जेमतेम ३२ मीटर रुंद. बांधालगतचा टिपका सहज शेजाऱ्याच्या रानात जातो.

अक्षांश-रेखांश उलटे पडले तर? पुणे १८.५२, ७३.८६. हेच उलटं भरलं की तुमची बाग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. काही फायलींना रेखांश आधी लागतो, तेवढं बघून घ्या.

खरी गोची तारखेची आहे. 'ऑक्टोबरात अमुक फवारणी' असा नियम काढलात की फसलात. द्राक्षवाला दिवस मोजतो ते छाटणीपासून: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. एकाने सप्टेंबरअखेर छाटली, बांधाला बांध लागून असलेल्याने वीस दिवसांनी. एकाच सकाळी दोघांच्या नोंदी येतात. एकाची बाग फुटून वर आलीय, दुसरा आत्ता कुठे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावतोय. महिन्यावर सरासरी काढली तर दोघांनाही चुकीचा सल्ला जाईल. त्यामुळे प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख आधी घ्या, मग कामं 'छाटणीनंतर कितवा दिवस' अशी मांडा. ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवरची पिकाची नोंद, इथे कामाला येत नाही. तिच्यातून पीक कळतं, छाटणीचा दिवस नाही.

आणि सगळंच काही पाळीने येत नाही. पाऊस झाला, केवड्याच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या, भीतीने लोक लगेच पंप काढतात. ती फवारणी पावसाच्या खात्यात टाका, नाहीतर वेळापत्रक काढणारं मॉडेल उगाच 'दर चार दिवसांनी' म्हणेल. ऊसपट्ट्यात पाण्याचंही तेच: पाळी ठरते ती कालव्याच्या आवर्तनावर, नाहीतर मोटारीला लाइट कधी आहे त्यावर.

कोऱ्या आठवड्याला 'काम नाही' समजू नका. आठ दिवस नोंद नाही म्हणून मी एकांकडे फोन केला. नेमका फोन ते घरी विसरले होते, वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "हे मार्केटला गेलेत. घडांची विरळणी ना? रोज सहा बायका लावून चाललीय की. फोन यांच्याच खिशात असतो, आम्ही कशात भरायचं?"

आता दुसरा नंबर त्यांचा घेतो.