हवेवर उभी राहणारी कॅम्पिंग कॅनपी: लावायची कशी, टिकवायची कशी

हवा भरायची कॅनपी, म्हणजे दांड्यांऐवजी हवेवर उभं राहणारं छत, घेतली की सगळ्यांचं लक्ष पंपाकडे असतं, पटकन फुगली की झालं काम असं वाटतं. पण हवा भरणं हाच यातला सगळ्यात सोपा भाग आहे. वारं सुटल्यावर कॅनपी जागेवर राहते ती खुंट्या आणि दोऱ्यांमुळे, आणि वर्षानुवर्षं टिकते ती नीट वाळवून ठेवली तर. म्हणून पंपाचं काय ते सांगतोच, पण जास्त या दोन गोष्टींवर बोलतो.

आधी ती उभी कशी राहते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. दांड्यांच्या जागी हवेचे बीम असतात, त्यात बाहेर जाड पॉलिस्टरची बाही आणि आत टीपीयूची (एक लवचीक प्लॅस्टिक) ट्यूब, म्हणजे सायकलच्या टायर-ट्यूबसारखंच. हवा ट्यूब धरते पण ताण बाही सोसते, त्यामुळे बाहीची चेन अर्धवट उघडी राहिली आणि तुम्ही पंप मारत बसलात तर ट्यूब तिथून फुगा येऊन बाहेर पडते आणि फाटते. पंप लावायच्या आधी प्रत्येक बीमची चेन शेवटपर्यंत लागलीय का हे हात फिरवून बघायचंच.

नवीन कॅनपी थेट कॅम्पवर नेऊ नका. घराजवळ कुठे मोकळी जागा असेल तिथे एकदा लावा आणि रात्रभर तशीच राहू द्या, कुठे हवा जात असेल तर ते तिथेच कळलेलं बरं, शिवाय कुठली दोरी कुठली आणि पिशवीत खुंट्या पुरेशा आहेत का तेही समजतं.

जागा बघताना सपाट बघा पण खोलगट नको, पाऊस आला तर पाणी तिथेच साचतं. मोठ्या झाडाखाली सावली छान मिळते पण वाळकी फांदी पडू शकते आणि झाडाचा चीक कापडावरून लवकर निघत नाही. दगड, काट्या, काचा हाताने वेचून काढा आणि कॅनपी पसरायच्या आधी खाली एक प्लॅस्टिकची शीट टाका. पसरताना पायांच्या जागा नीट चौकोनात आणा, वारा कुठून येतोय ते बघा, आणि वाऱ्याच्या बाजूचे दोन कोपरे खुंटीने आधीच अडकवून टाका. हे न करता फुगवली तर अर्धवट फुगलेली कॅनपी एका झोतात उचलली जाते आणि मग ती पकडायला चार माणसं लागतात.

आता हवा. किती भरायची तो आकडा व्हॉल्वजवळ किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो, तोच पाळायचा, दुसऱ्याच्या कॅनपीचा आकडा आपल्याला लागू होत नाही. गेज, म्हणजे प्रेशर दाखवणारा काटा, असलेला हातपंप सगळ्यात चांगला. गादी फुगवायचा छोटा इलेक्ट्रिक पंप हवा भरपूर देतो पण प्रेशर देत नाही, म्हणून बीम मऊच राहतो, आणि गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर उलटा, तो कितीतरी जास्त प्रेशरसाठी बनवलेला असल्यामुळे कधी मर्यादा ओलांडली ते कळतही नाही. एक-दोन मिनिटं पंप मारला की थांबा, बीमला कुठे पीळ किंवा घडी पडलीय का बघा, असेल तर मधला भाग हाताने उचलून सरळ करा, मग पुढे भरा.

प्रेशरचं एक लक्षात ठेवा, ते उन्हाबरोबर बदलतं. समजा सकाळी 20 अंशाला 7 पीएसआय (प्रेशरचं एकक) भरलं आणि दुपारी आतली हवा 40 अंशाला गेली तर गेज साधारण साडेआठ दाखवेल, आणि उन्हात तापलेला बीम याहूनही गरम होऊ शकतो. म्हणून सकाळच्या गारव्यात कमाल आकड्यापर्यंत भरू नका, थोडी जागा ठेवा, आणि दुपारी एकदा गेज लावून जास्तीची हवा सोडा. पहाटे उलटं होतं, गारठ्याने बीम जरा ढिला लागतो, लगेच लीक आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

कॅनपी उभी राहिली की उरलेले पाय खुंटीने अडकवा आणि मग सगळ्या दोऱ्या. हो, सगळ्या, वारा नसला तरीही, कारण वारा दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो आणि तेव्हा खुंट्या ठोकत बसायला वेळ नसतो. दोरी जमिनीशी साधारण 45 अंशात ठेवा, खुंटीचं डोकं कॅनपीपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं म्हणजे ती ताणाने उपटत नाही. वाळूत साधी खुंटी धरत नाही, तिथे पिशवीत वाळू भरून दोरीला बांधा आणि ती पिशवी खोल पुरा. पक्क्या जमिनीवर पाण्याचे कॅन बांधता येतात, 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, पण हे मंद वाऱ्यापुरतंच.

पावसात छताकडे बघत राहा. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, म्हणजे 3 बाय 3 मीटरच्या छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडून सगळा तिथेच साचला तर 90 किलो. सुरुवातीला नुसती ओंजळभर खळगी दिसते, मग त्या वजनाने कापड ताणतं, खळगी मोठी होते आणि आणखी पाणी तिथेच येतं. एका बाजूच्या दोऱ्या जास्त खाली ओढून छताला उतार द्या, म्हणजे पाणी एकाच कडेने वाहून जातं. वारा वाढत चालला किंवा वीज कडाडायला लागली तर खालून बाहेर पडा, कॅनपी विजेपासून वाचवत नाही. वेळ असेल तेव्हाच ती उतरवा, जीव महत्त्वाचा. आणि खाली शेगडी, शेकोटी काहीही नको, टीपीयू आणि पॉलिस्टर दोन्ही आगीला वितळतात, शिवाय बाजूच्या भिंती लावल्या असतील तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

हवा जातेय असं वाटलं तर आधी व्हॉल्व बघा, बऱ्याचदा तिथेच रेतीचा कण अडकलेला असतो किंवा झाकण सैल असतं. साबणाचं पाणी स्पंजने लावा, लीक असेल तिथे बारीक बुडबुड्यांचा गुच्छ वाढत जातो. व्हॉल्व ठीक असेल तर हवा सोडून बाहीची चेन उघडा, ट्यूब बाहेर काढा, अगदी थोडी हवा भरून टबातल्या पाण्यात बुडवा आणि भोक दिसलं की पेनाने गोल करून ठेवा. पुसून कोरडं करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, मग टीपीयूचाच पॅच लावा. घाई नको, गोंद पूर्ण सुकू द्या, पाकिटावर जितका वेळ लिहिलाय तितका.

आवरताना सगळे व्हॉल्व उघडा पण वाऱ्याच्या बाजूच्या खुंट्या शेवटी काढा. व्हॉल्वच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळत आलात की उरलेली हवा निघून जाते. खुंट्या वेगळ्या पिशवीत, कापडात गुंडाळल्या तर भोकं पडतात.

आणि वाळवणं. ओली गुंडाळावी लागली तर घरी पोचल्याबरोबर, फार तर दुसऱ्या दिवशी, उघडून सावलीत वाळत घाला, शिवणी आणि बाहीचे कोपरे हाताने तपासा कारण कापड वरून कोरडं लागतं आणि ओल तिथे बसलेली असते. तशीच ठेवली तर बुरशीचे काळे डाग पडतात ते जात नाहीत, आणि ओलीमुळे आतलं पीयू कोटिंग, म्हणजे पाणी अडवणारा थर, हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतं, मग पाणी आत येतं. मळली तर स्पंज, कोमट पाणी, सौम्य साबण, बस. वॉशिंग मशीन नको, कडक डिटर्जंट नको, त्याने पाणी न शोषण्याचं कोटिंग उतरतं. पाण्याचे थेंब कापडावर घरंगळायचे बंद झाले की वॉटरप्रूफिंग स्प्रे मारा. चेनमधली रेती जुन्या टूथब्रशने काढा. काम नसताना दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवू नका, उन्हाने कापड कमजोर होतं. ठेवताना घट्ट दाबून नको, सैल गुंडाळून कोरड्या जागी, उंदीर पोचणार नाहीत अशा ठिकाणी.