औषध लागू पडणारा सर्वांत कमी डोस कसा काढायचा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयांत रक्तदाबाच्या गोळीची चाचणी आखायची आहे, असं धरू. गट पाच: ०, ५, १०, २० आणि ४० मिग्रॅ, प्रत्येकात ३० रुग्ण. पहिला रुग्ण घेण्याआधी एक आकडा लिहून ठेवा: ० मिग्रॅच्या, म्हणजे प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) गटापेक्षा दाब किती जास्त उतरला तर गोळी लागू पडली म्हणायचं? इथे ५ मिमी धरू. निकाल बघून हा आकडा ठरवला, तर पुढचं सगळं गणित फुकट.

कोणता रुग्ण कोणत्या गटात, याच्या चिठ्ठ्या प्रत्येक केंद्रात वेगळ्या आणि दहा-दहाच्या ब्लॉकमध्ये काढा, म्हणजे दर दहा रुग्णांत प्रत्येक गटाचे दोन. आगोटीला भरून ठेवलेलं सुकट, खारं पावसाळ्यात ताटात येतं, श्रावणात बऱ्याच घरांत बंद होतं. मीठ वर-खाली झालं की दाबही हलतो. ब्लॉक असले की हा फरक पाचही गटांत सारखा वाटला जातो. फेरतपासणी गणपतीच्या आठवड्यात लावू नका, माणसं येत नाहीत.

आता मुख्य काम. प्रत्येक डोस प्लासिबोशी सुटा सुटा ताडू नका. दर तुलनेला २.५ टक्के चुकीची (निकामी डोस लागू पडला म्हणण्याची) मुभा दिली, तर चार तुलनांत ती १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्याऐवजी वरून खाली उतरा: आधी ४०, ते पास झालं तरच २०, मग १०. जिथे नापास, तिथे थांबा. क्रम आधीच ठरलेला असल्याने प्रत्येक पायरीला पूर्ण २.५ टक्के वापरता येतात.

समजा दाब सरासरी ३, ४, ८.५, ८ आणि ११ मिमी उतरला. प्लासिबोशी फरक १, ५.५, ५, ८. प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतला चढ-उतार) ८ असेल, तर फरकाची प्रमाण त्रुटी (योगायोगाने होणारी हालचाल) ८ × √(२/३०) = २.०७, तिची १.९८ पट (२.५ टक्क्यांसाठी टी-तक्त्यातला आकडा) म्हणजे ४.१. फरक ४.१ च्या वर आणि किमान ५ असेल तर पास. ४०, २०, १० पास; ५ नापास. उत्तर १० मिग्रॅ.

पण २० पेक्षा १० चा आकडा मोठा कसा? विल्यम्सची (१९७१) पद्धत डोस वाढला की परिणाम घटत नाही असं धरते आणि असे उलटे शेजारी एकत्र करते: दोघांनाही ८.२५, फरक ५.२५. तो मात्र विल्यम्सच्याच तक्त्याशी ताडा, साध्या टी-तक्त्याशी नाही. मोठ्या डोसने चक्कर येऊन रुग्ण गोळी सोडतील अशी धास्ती असेल, तर हे गृहीतक कोसळतं आणि वरून उतरणं पहिल्याच पायरीला अडतं. तिथे डनेटची (१९५५) कसोटी घ्या; ती सगळे डोस एकत्रच प्लासिबोशी ताडते आणि एकूण चूक आवाक्यात ठेवते. तिला चढता क्रम लागत नाही. निवड प्रोटोकॉलमध्येच, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यातच करा.

५ मिग्रॅ नापास झालं म्हणून ते निकामी ठरत नाही. त्याचा फरक १ ± ४.१, म्हणजे ५.१ पर्यंत जाऊ शकतो, आणि आपली रेषा ५ वर आहे. शंका फेडायची तर पुढच्या चाचणीत ५ आणि ७.५ मिग्रॅच्या गटांत जास्त रुग्ण घ्या.