रोज ऐंशी किलोमीटरची नोकरी: बडोदेकरांनी गाडी आणि इंधन कसं निवडावं

बडोद्याहून हालोल, पोर, करजण किंवा भरूचला रोज ये-जा करायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "एव्हरेज किती देते?" त्याच्या आधी स्वतःचा रस्ता मोजा. आठवडाभर निघताना आणि परतल्यावर ओडोमीटरचा आकडा वहीत लिहा, आणि त्यातलं शहरातलं किती, हायवेवरचं किती हे वेगळं काढा. दांडिया बाजारातून गोल्डन चोकडीपर्यंतचे मोजके किलोमीटर पुढच्या हालोल रस्त्यापेक्षा किलोमीटरमागे जास्त इंधन खातात, कारण तिथे पाय सतत क्लच-ब्रेकवर असतो. (कारखाना किंवा ऑफिस भरूच-आणंदच्या स्टेशनजवळ असेल, तर रेल्वेच्या मासिक पासाशी कुठल्याच गाडीची बरोबरी होत नाही. आधी तो हिशेब करा.)

कंपनीने दिलेलं एव्हरेज प्रयोगशाळेतल्या चाचणीचं असतं. हिशेबात त्याचा पाऊण भागच धरा. हाताशी असलेल्या गाडीचं खरं एव्हरेज काढायचं तर टाकी भरताना नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबा, वरून आणखी दाबून भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान तीनशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंतच भरा. किलोमीटर भागिले लिटर. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो बहुतेक वेळा थोडा गोड असतो.

आता आकडेमोड. रोज ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २,००० किलोमीटर. छोटी पेट्रोल गाडी १८ देत असेल तर १११ लिटर लागतात. तीच गाडी सीएनजीवर किलोला २५ देत असेल तर ८० किलो. समजा पेट्रोल ९५ रुपये आणि सीएनजी ८० रुपये (तुमच्या पंपावरचा आजचा दर टाका), तर खर्च साधारण १०,५०० विरुद्ध ६,४००. महिन्याला चार हजारांच्या वर वाचतात. सीएनजी मॉडेलला ९५ हजार जास्त मोजले असतील तर ते दोन वर्षांच्या आत सुटतात. पण मकरपुऱ्यापर्यंतच जाणं असेल, महिन्याला पाचशेच किलोमीटर, तर तेच पैसे सुटायला साडेसात वर्षं लागतील. तिथे साधी पेट्रोल गाडीच बरी.

लांबच्या रोजच्या फेरीला आमचं पहिलं मत सीएनजीला, कारण गुजरातेत पंपांचं जाळं दाट आहे. पण ती गाडी समजून वापरावी लागते. साठ लिटरची टाकी म्हणजे साठ लिटर पाणी मावेल एवढी. गॅस त्यात २०० बार दाबाला साधारण आठ किलो बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरची बेगमी. उन्हाळ्यात त्याहून कमी बसतो. भरताना गॅस तापतो, तापला की काटा लवकर २०० वर पोचतो आणि आत गॅस मात्र कमीच गेलेला असतो. भरताना डिस्पेन्सरच्या काट्यावर नजर ठेवा. २०० ला थांबला तर टाकी भरली. दीडशे-एकशेसाठवरच भरणं थांबलं, तर गर्दीमुळे पंपाचं प्रेशर उतरलंय. कितीही वेळ नोझल लावून ठेवली तरी आणखी जाणार नाही. शिफ्ट सुटायच्या वेळेची रांग टाळून रात्री उशिरा किंवा पहाटे भरलं तर वेळही वाचतो आणि गॅसही जास्त बसतो.

पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली हवीच. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होतं पेट्रोलवर, तापल्यावर मग गॅसवर जातं. शिवाय टाकीतला इंधनपंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. कोरडा चालला की जळतो, आणि ते काम महागात पडतं. आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत आणि जुनं पेट्रोल संपतं.

गाडी चढावर किंवा ओव्हरटेकला झटके मारू लागली की लोक लगेच किटला दोष देतात. आधी स्पार्क प्लग बघा. गॅसच्या मिश्रणाला ठिणगी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर उघडा पडतो. त्यानंतर एअर फिल्टर, मग गॅसचा फिल्टर. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं गॅसबरोबर येऊन तिथे साचतं.

शक्यतो कंपनी-फिटेड गाडीच घ्या. बाहेरून किट बसवलं तर दरजीपुऱ्याच्या आरटीओत आरसीवर सीएनजीची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद नसेल तर क्लेम अडकतो. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेट उघडल्यावर किंवा गॅस भरायच्या तोंडाजवळ असलेल्या पट्टीवर टेस्टची तारीख वाचा. गॅसचा वास आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, दारं-खिडक्या उघडा, टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा. लाइट, पंखा, मोबाइल, काहीच चालू करायचं नाही.

बाइकवाल्यांसाठी बजाज फ्रीडम १२५ ही सीएनजी मोटरसायकल जुलै २०२४ पासून आहे. दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल. मात्र अहमदाबाद एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, तिकडच्या नोकरीसाठी जुना हायवे धरूनच अंतर मोजा.

आता पंपावर येणारं ई-२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर एव्हरेज सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. एप्रिल २०२३ आधीची सेकंड-हँड गाडी घेत असाल तर रबरी पाइप आणि गॅस्केट ई-२० ला चालतात का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरी-मोटरवरही चालणारी गाडी, शहरातल्या थांब-चाल ट्रॅफिकमध्ये छान काम करते, कारण ब्रेक दाबताना वीज परत मिळते. एका वेगाने धावणाऱ्या हायवेवर तो फायदा आटतो.

डिझेल रोज शंभरच्या वर सलग हायवे असेल तरच. बीएस-६ गाडीतला काजळीचा फिल्टर स्वच्छ व्हायला पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात गाडी पळावी लागते. शहरातच फिरली की दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला जाते. हायवेकडेला टाकीतून सुटं विकलं जाणारं 'बायोडिझेल' कितीही स्वस्त मिळालं तरी भरू नका. इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप दोन्ही जातात.

इलेक्ट्रिक गाडी चालवायला सगळ्यात स्वस्त. हायवेवर शंभर किलोमीटरला चार्जिंगची घट धरून सतरा युनिट, म्हणजे महिन्याला ३४० युनिट. पण आधी पार्किंग बघा. पोळातल्या किंवा जुन्या वाड्यातल्या घरी गाडी रस्त्यावर लागत असेल तर नाद सोडा. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरली की निम्मी बचत तिथेच जाते. घरी जागा असेल तर मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. चार्जर आठ तास सलग चौदा अँपिअर ओढतो. एक्स्टेन्शन बोर्ड त्यात वितळतो. एवढ्या रात्रीत दीडशे किलोमीटर मिळतात. जाहिरातीतल्या रेंजचे सत्तर टक्के खरे माना, आणि ते रोजच्या अंतराच्या दीडपट तरी असू द्या.

इंधन कुठलंही असो, वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. टायरची हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी तपासा. हालोलला पोचल्यावर गरम टायरचा आकडा फसवतो.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती चक्कर मारून संपवू नका. शिफ्टच्या वेळेला, एसी लावून, रोज बरोबर येणारी चार माणसं बसवून तुमच्याच रस्त्यावर मागा. सीएनजी असेल तर बूटमध्ये टाकी बसल्यावर डबे आणि बॅगा कुठे जातात तेही त्याच फेरीत बघून घ्या.