पॅरलल कम्प्युटिंगमधे यायचंय? अमळनेर ते पीएचडी, माझा रस्ता

मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा शेजारच्या काकांनी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "भाऊ, तू नेमकं काय करस?" मी म्हटलं काका, समजा मोठं शेत निंदायचंय, एका माणसाला महिना लागेल, म्हणून शेताचे तुकडे पाडून दहा जण लावायचे, मी तेच करतो, फक्त शेताच्या जागी गणित आणि मजुरांच्या जागी प्रोसेसर. काका लगेच म्हणाले, "मंग बांधमा जमीन जास ना!" म्हणजे तुकडे पाडले की बांधातच जमीन जाते.

आमच्या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न काकांनी एका वाक्यात सांगितला. हवामानाचं मॉडेल घ्या. नकाशावर चौकोनांची जाळी टाकतात, प्रत्येक चौकोनाचं तापमान, वारा, दाब मोजायचा, आणि त्यासाठी शेजारच्या चौकोनाचे आकडे लागतात. जाळीचे तुकडे करून वेगवेगळ्या प्रोसेसरला दिले की तुकड्याच्या कडेचे आकडे दर वेळी शेजाऱ्याला पाठवावे लागतात. तुकडा ५० बाय ५० चा असेल तर २५०० चौकोनांपैकी १९६ कडेवर असतात, म्हणजे साधारण ८ टक्के. तोच १० बाय १० चा केला तर १०० पैकी ३६ कडेवर. जितक्या वाटण्या जास्त तितका बांध जास्त, आणि एक वेळ अशी येते की प्रोसेसर पेरणी कमी आणि बांधावर बोलणंच जास्त करतात. माझ्या पीएचडीची साडेपाच वर्षं याच बांधावर गेली: आकडे कधी पाठवायचे, किती एकत्र बांधून पाठवायचे, आणि ते वाटेत असताना प्रोसेसरला दुसरं काय काम द्यायचं.

आता मी इथवर कसा आलो ते सांगतो, कारण बरेच जण विचारतात. बारावी अमळनेरला, मग धुळ्याला कॉम्प्युटरमधे बीई. घरी कापूस आणि ज्वारी, आबांनी फीचे पैसे कापूस विकूनच भरले. कॉलेजात हा विषय इलेक्टिव्ह म्हणून कागदावर होता पण शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत मला याचं नावही नीट माहीत नव्हतं. मग एका जुन्या मासिकात परम ८००० या सुपरकॉम्प्युटरबद्दल वाचलं. १९८८ ला पुण्यात सीडॅक ही सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्था सुरू झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, आणि १९९१ ला परम तयार झाला. एकच भारी प्रोसेसर नव्हता त्यात, ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक छोट्या चिप जोडून केलेलं मशीन होतं ते. मला ती गोष्ट फार लागली मनाला. गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा दिली, पहिल्या वेळी स्कोअर कमी आला, दुसऱ्या वेळी एमटेक मिळालं, मग पुण्यात तीन वर्षं नोकरी आणि नंतर पीएचडी. नोकरीची वर्षं वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही, दुसऱ्याचा लाख ओळींचा कोड वाचायची सवय तिथेच लागली आणि रिसर्चमधे ती रोज उपयोगी पडते.

एमटेकच्या पहिल्या महिन्यातली एक चूक सांगतो, तुमच्या हातून पण होणार आहे. मोठ्या ॲरेची, म्हणजे आकड्यांच्या लांब यादीची बेरीज ओपनएमपी (एकाच मशीनच्या कोअरमधे काम वाटायचं साधन) वापरून चार थ्रेडमधे, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार कामांमधे वाटली. प्रत्येक थ्रेड आपली बेरीज sum नावाच्या छोट्या ॲरेत आपापल्या खान्यात ठेवायचा, उत्तर बरोबर आलं, पण एका थ्रेडपेक्षा चार थ्रेडला वेळ जास्त! तीन रात्री झोप नाही. कारण असं निघालं की प्रोसेसर मेमरी एक एक आकडा करून आणत नाही, साधारण ६४ बाइटची पूर्ण ओळ स्वतःजवळच्या कॅश नावाच्या छोट्या मेमरीत आणतो, तिला कॅश लाइन म्हणतात. माझे चारही खाने शेजारी शेजारी, एकाच ओळीत. एकाने लिहिलं की बाकी तिघांकडची प्रत रद्द, परत आणा, परत रद्द. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा लोकल व्हेरिएबल दिला, शेवटी एकदाच बेरीज केली, आणि काम झालं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की या विषयाचा पाया कॉम्प्युटर आर्किटेक्चर आहे, लायब्ररी पाठ करणं नाही.

दुसरी गोष्ट ॲमडालचा नियम, १९६७ चा. तो आमच्याकडच्या कापसासारखा समजून घ्या. एकट्याने वेचून वजन करायला १० तास लागतात, त्यातला १ तास वजनकाट्यावर, आणि काटा एकच. ८ माणसं लावली तर वेचणीचे ९ तास वाटले जातील पण काट्याचा १ तास तसाच, एकूण २ तास ७-८ मिनिटं, म्हणजे वेग आठपट नाही, ४.७ पट. ६४ माणसं लावा, ८.८ पट. गावातली सगळी माणसं लावली तरी दहापटीच्या पुढे जाणार नाही. म्हणून कोड वाटायच्या आधी काटा, म्हणजे न वाटता येणारा भाग, कुठे आहे ते मोजा, प्रोफायलर (कोडचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) लावा. नवीन मुलं इथेच घाई करतात.

सुरुवातीला महागडं मशीन लागत नाही. साधा चार कोअरचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स, जीसीसी हा कंपायलर आणि ओपनएमपी, एवढ्यावर सहा महिन्यांचं शिक्षण होतं. सी भाषा पक्की करा, पॉइंटरला घाबरत असाल तर आधी तेच. मग एमपीआय, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसरनी एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत, त्याचं स्टँडर्ड १९९४ चं आहे आणि आजही मोठ्या क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक मशीनवर) तेच चालतं. जीपीयू (ग्राफिक्सची चिप) आणि त्यावर कोड लिहायचं कुडा त्यानंतर. फोरट्रान ही जुनी भाषा वाचता आली पाहिजे, हवामानाचे बरेच कोड त्यातच आहेत. लिनिअर अल्जिब्रा आणि न्यूमेरिकल मेथड्स सोडू नका. एनपीटेल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर यातलं बरंच फुकट आहे. इंग्रजीचं म्हणाल तर पेपर वाचायला पहिलं वर्ष जड गेलं, रोज एक पान डिक्शनरी घेऊन वाचलं, दुसऱ्या वर्षी डिक्शनरी लागली नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू, कारण घरचे तेच विचारतात. गेटवरून एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो. पीएचडीला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सिनियर) झालं की ४२,०००. पण फेलोशिप कधी कधी महिनोन् महिने उशिरा येते, माझी पण अडकली होती, तेव्हा चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच जा.

गाईड निवडताना वेबसाइट बघून ठरवू नका. त्यांच्या जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: क्लस्टरवर जॉब टाकला की रांगेत किती दिवस थांबतो, सर कोड स्वतः वाचतात का, आणि प्रयोग फसला तेव्हा ते काय बोलले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.