वरचे थर पातळ ठेवा

खानापूरकडच्या जुन्या घरात चूल पेटली की धूर आधी माळ्याच्या फळ्यांखाली साचतो, मग कडेकडेनं पसरत जातो. हवेत जाऊ नये म्हणून जमिनीखाली खोल सोडलेला कार्बन डायऑक्साइडही तसाच वागतो. खाऱ्या पाण्यापेक्षा हलका, म्हणून वर चढतो आणि अभेद्य खडकाखाली पातळ पसरतो. नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात १९९६ पासून तो समुद्रतळाखाली भरतात. तिथल्या भूकंपीय चित्रांत, म्हणजे ध्वनिलहरी सोडून काढलेल्या जमिनीखालच्या चित्रांत, तो ९ थरांत साचलेला दिसला.

तेव्हा बेळगाव-निपाणीच्या पोरांनो, प्रोजेक्टसाठी या पसरण्याचं संगणकावर मॉडेल बांधताना सगळे सेल, म्हणजे खडक ज्या छोट्या ठोकळ्यांत विभागतो ते, एकाच उंचीचे करू नका. १० मीटरच्या सेलमध्ये २ मीटरचा थर सरासरीत हरवतो, आणि वायू प्रत्यक्षापेक्षा जवळच थांबलेला दिसतो. झाकणखडकाखाली, म्हणजे त्या वरच्या अभेद्य खडकाखाली, अर्धा-एक मीटरचे सेल घ्या, खाली हळूहळू उंची वाढवा. मग उंची निम्मी करून पुन्हा चालवा. पसाऱ्याची कड सरकली तर अजून बारीक करा. वेळ लागतो, रात्रभर मशीन चालू राहतं, पण ही तपासणी सोडू नकाच.

आणखी एक. मॉडेलसाठी निपाणी-चिकोडीचा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, घेणार असाल तर वाळूखडकाचे आकडे उचलू नका. बसाल्टमध्ये वायू पाण्यात विरघळून दगडाशी क्रिया करतो, त्याचे कार्बोनेट बनतात. ती रसायनक्रिया मॉडेलमध्ये वेगळी घालावी लागते.